खांद्यावरचा हात

त्याच्या वेबसाइटवर ‘माझ्याविषयी’ नावाचं एक पान होतं. वर गोल चौकटीत त्याचा फोटो, खाली चार ओळी.

‘नमस्कार. मी वेबसाइट बांधतो. पोटासाठी दुसऱ्यांच्या, हौसेसाठी ही एक. हातातलं काम संपलं की कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडतो आणि जिथे उजेड बरा पडलेला असेल तिथे थांबतो. आलाच आहात तर टेका जरा, दोन फोटो बघून जा.’

या ओळी लिहून सहा वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या पानांची रोज रंगरंगोटी करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पानाकडे त्यानंतर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गोल चौकटीतला तो तेव्हा तिशीचा होता. ऊन तोंडावर आलेलं म्हणून डोळे बारीक केलेले, आणि हसू असं, की कुणीतरी नुकतंच कानात काहीतरी वात्रट बोललं असावं. डाव्या खांद्यावर एक हात. हात म्हणजे चार बोटं, अंगठा आणि मनगटाची चिंचोळी पट्टी. तिथे चौकट संपत होती. अंगठ्याचं नख काळं पडलेलं, मधोमध चिरलेलं.

कानात वात्रट बोलणारा आणि खांद्यावर हात ठेवणारा एकच. त्याचा दादा. दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका नऊ मजली इमारतीत तो खालच्या खड्ड्यात उतरलेला असताना वरून लिफ्ट आली. बंद करून ठेवलेली लिफ्ट कुणी सुरू केली, याची चौकशी चालू होती आणि ती चालूच राहणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. हॉस्पिटलमधून दादाला पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलं. गुंडाळणाऱ्या माणसाने धाकट्याला जिन्याशी नेऊन हळूच सांगितलं, “आईंना तोंड दाखवू नका. माझं ऐका.” त्याने ऐकलं. आईने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो मान खाली घालून उभा राहिला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

आज सकाळी मात्र ती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खिडकीशी त्याचं टेबल, टेबलावर दोन स्क्रीन. एकीवर फरश्यांच्या दुकानाची वेबसाइट अर्धवट बांधलेली.

“दादाचा एक फोटो दे,” आई म्हणाली. “मोठा. भिंतीला लावते.”

“देतो.”

“शेवटचं तोंड नाही बघितलं मी. आता निदान समोर असू दे.”

“देतो म्हटलं ना आई.”

“तुझ्याकडे काय, ढीग असेल.”

“हो,” तो म्हणाला.

ढीग होता. दोन डिस्कमध्ये मिळून चाळीसेक हजार फोटो होते. दारं, कड्या, वाळत घातलेले कपडे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा एक डोळा, बाकावर पेंगणारी माणसं, पुलाखालचं पाणी. त्याने दुपारपर्यंत चाळले, दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा चाळले. फरश्यावाल्याचे तीन फोन येऊन गेले. चाळीस हजारांत दादा कुठे नव्हता.

नसणारच. फोटो निघायचा तेव्हा दादा कॅमेऱ्याच्या या बाजूला असायचा. सुट्टीच्या दिवशी थर्माकोलचं पांढरं पान काखेत मारून तो धाकट्याच्या मागे मागे हिंडायचा. सावलीत बसलेल्या माणसाच्या तोंडावर उजेड पाडायचा तर ऊन असं पांढऱ्यावर झेलून त्याच्याकडे वळवावं लागतं, हे त्याला एकदा दाखवलं आणि पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. उकिडवा बसायचा, कधी भिंतीवर चढायचा, रस्त्याच्या मधोमध उभा राहून गाड्यांच्या शिव्या खायचा. “साहेब, उजेड गरम आहे तोवर घ्या,” म्हणायचा. “मग माझा हात दुखतो आणि ऊनही रुसतं.”

म्हणून तो फोटोत असा असा होता: घड्याळवाल्याच्या काचेत एक पांढरा चौकोन आणि त्याखाली दोन बूट. पुलाच्या कठड्यावर एक लांब सावली, हात वर केलेली. एका म्हातारीच्या चष्म्यात दोन ठिपके, मोठे करून पाहिले तर नुसते ठिपकेच. आणि जिथे जिथे चेहरे उजळलेले होते, तिथे तो होता. पण उजेड कापून चौकटीत बसवता येत नाही.

दादाला फोटोत यायचंच नसे. त्याच्या डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. चार वर्षांचा असताना आईच्या हातून उकळत्या पाण्याचं पातेलं निसटलं होतं. डाग म्हणजे साधासुधा नव्हे. कातडी गोळा होऊन चकाकायची, हसला की गाल एका बाजूला ओढला जायचा. शाळेत वर्गाचा फोटो असला की त्या दिवशी नेमकं त्याचं पोट दुखायचं. लहानपणचे दोन फोटो कपाटात होते, पण ते पातेल्याच्या आधीचे, गोबऱ्या गालाचे. ते बाळ कुणाचंही असू शकलं असतं.

तिसऱ्या दिवशी दादाचा जोडीदार आला. लिफ्टच्या कामाला दोघं नेहमी जोडीने जात. दादाची हत्यारांची पिशवी त्याने दाराआड ठेवली आणि खुर्ची असताना जमिनीवर बसला. त्या दिवशी तो वरच्या मजल्यावर होता. हे त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि मग दर भेटीत सांगत होता.

“मी वर होतो, मावशी.”

“माहीत आहे रे,” आई म्हणाली. “पाणी पी.”

धाकट्याने विचारलं, “तुमच्या फोनमध्ये दादाचा एखादा फोटो असेल का? कसाही चालेल.”

जोडीदाराने फोन काढून बराच वेळ अंगठा फिरवला. एक निघाला. दादा पाठमोरा, डोक्यावर टोपी, लिफ्टच्या दारात वाकलेला. “मी म्हणायचो, अरे बघ तरी इकडे. तर म्हणायचा, आमच्या घरात एक फोटोवाला आहे, तेवढा एका घराला पुरे.” तो हसायला गेला आणि राहिला. “भाऊ, तुमच्याकडेच असतील की. तुमचं किती कौतुक होतं त्याला. जिथे जाईल तिथे तुमची साइट उघडून दाखवायचा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनासुद्धा. बाहेर काढेपर्यंत बघत बसा म्हणायचा.”

आई हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली असेल. धाकट्याला मात्र आपल्या टेबलाकडे बघवेना.

कारण फोटो दोन होते. ते त्याला पहिल्या सकाळपासून आठवत होते आणि तो उगीच चाळीस हजारांत तोंड लपवत होता.

एक कंपनीच्या ओळखपत्राचा. दादाला लोकांच्या घरांत, कार्यालयांत जावं लागे, गळ्यात कार्ड लागे. तो फोटो धाकट्यानेच काढला होता, याच खिडकीशी. काढल्यावर म्हणाला, थांब, जरा साफ करतो. आणि बसून, जीव लावून, उजव्या गालाची कातडी थोडी थोडी उचलून डाव्या गालावर बसवत डाग पुसून टाकला. असं बेमालूम काम त्याने कुणा गिऱ्हाइकासाठीही केलं नव्हतं. दादा स्क्रीनकडे बघत राहिला होता. “हा कोण बुवा? स्थळ बिळ आहे का याला?” म्हणाला होता. मग पुढे रोजची कटकट झाली. प्रत्येक फाटकावरचा वॉचमन कार्ड बघायचा, तोंड बघायचा, पुन्हा कार्ड बघायचा. दादा घरी येऊन सांगायचा, “साहेब, कार्डावरचा माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे. उद्यापासून त्यालाच कामाला पाठवतो, मी झोपतो.”

दुसरा फोटो त्या गोल चौकटीतला. सहा वर्षांपूर्वी दादाच्या वाढदिवसाला धाकट्याने कॅमेरा तिपाईवर लावला, दहा सेकंदांचं घड्याळ चालू केलं आणि पळत जाऊन दादाशेजारी उभा राहिला. दादा निसटायला बघत होता, त्याला दंडाला धरून ठेवला. तेव्हा दादाने खांद्यावर हात टाकला आणि कानात म्हणाला, “साहेब, तुमचा कॅमेरा फुटला तर मी भरून देणार नाही.” खटका पडला. दोघंही हसत होते, एकाचा गाल ओढलेला.

आणि दोन्ही फोटोंचं मूळ त्याने ठेवलं नव्हतं. ही त्याची धंद्यातली खोड. पानं झरझर उघडावीत म्हणून वेबसाइटवर टाकायचे फोटो कापून, दाबून हलके करायचे असतात. ते वेगळ्या नावाने ठेवावेत आणि मूळ तसंच राखावं, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायचा. स्वतः मात्र घाईने त्याच नावावर सेव्ह करायचा. जुन्यावर नवं बसलं की जुनं गेलं. हजारो फोटोंचं असं झालं होतं आणि कधी काही अडलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने कार्डाचाच फोटो मोठा करून आणला, चौकटीत बसवून. आईने पदराने काच पुसली. खिडकीशी नेऊन बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“हा कोण?”

“आई, दादाच आहे. कार्डावरचा.”

“याचा गाल कुठे गेला?”

तो टेबलावरच्या वायरी सरळ करू लागला.

“गाल कुठे गेला, विचारते मी.”

“मी साफ केला होता. कार्डासाठी. बरा दिसावा म्हणून.”

“मग आण परत.”

“परत येत नाही, आई. मूळचा राहिला नाही. त्याच्यावरच हा चढवला गेला.”

“म्हणजे मूळचा टाकून दिलास.”

“टाकला नाही गं, त्याच्यावरच...”

“टाकलास.” तिने चौकट उलटी करून टेबलावर ठेवली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त लागलं. “तो डाग माझ्या हातचा होता. वर्षभर दिवसातून चार वेळा मलम लावलंय त्याला. तू कोण पुसणारा?”

मग तो हट्टाला पेटला. ज्या हाताने पुसलं त्याच हाताने परत रेखू, त्यात काय. इंटरनेटवर भाजलेल्या कातडीचे फोटो हुडकले, रंग उचलला, चकाकी उचलली. बसवायला घेतलं आणि माऊस हातात तसाच राहिला. डाग डोळ्यापर्यंत होता की थोडा खाली? कानाची पाळी धरत होता की सोडत होता? ज्या तोंडासमोर बसून तीस वर्षं जेवला, ते तोंड त्याला आठवेना. लोकांच्या तोंडावर उजेड कसा पडलाय हे लांबून ओळखणारा माणूस, त्याला भावाचा गाल सांगता येईना. आठवायचं ते हसू, आवाज, ‘साहेब’ म्हणणं. डागाकडे बघायचं नाही हे या घराने इतकं पाळलं होतं, की तो कुणी बघितलाच नव्हता.

एकीला सोडून. दुपारी आई मागे येऊन उभी राहिली. स्क्रीनवर तीन दादा होते, तिघांचे तीन डाग, एकही खरा नाही.

“इकडे वळ,” ती म्हणाली.

तो खुर्चीसकट वळला. तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं, लहान पोराचं करतात तसं, आणि तर्जनी त्याच्या डाव्या गालावर टेकवली. मलम लावताना पोर हलू नये म्हणून ती तेव्हा काहीतरी गुणगुणायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा तो जन्मला नव्हता. बोट गालावरून चालू लागलं आणि त्याबरोबर सूर.

“वाट निघाली डोळ्याखालून,
डोळा ठेवला राखून.
वळण घेतलं कानाकडे,
पाळी सोडली एकीकडे.
उतरण लागली ओठापाशी,
थांबली बाई मानेपाशी.”

मानेवर बोट थांबलं. बोट खरखरीत होतं, कोमट होतं. त्याने डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या डोळ्यांना ती वाट स्पष्ट दिसली. पुन्हा एकदा म्हण, तो म्हणाला. तिने पुन्हा एकदा म्हटलं.

त्या वाटेने त्याने डाग रेखला. संध्याकाळच्या आत झाला. आई वाकून बराच वेळ बघत राहिली.

“डाग त्याचा आहे,” ती म्हणाली. “माणूस तो नाही.”

खरंच नव्हता. कोऱ्या, गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यावर डाग चिकटवल्यासारखा बसला होता. तो चेहरा डागाशिवायच घडवलेला. तो डागाला ओळखत नव्हता.

“दुसरा कुठेच नाही?”

आता खोटं बोलायला जागा उरली नव्हती. त्याने आपली वेबसाइट उघडली आणि ‘माझ्याविषयी’ वर टिचकी मारली. आईने हे पान कधी पाहिलं नव्हतं. तिने गोलातला त्याचा चेहरा पाहिला न पाहिल्यासारखा केला आणि बोट नेलं ते थेट खांद्यावर, काळ्या नखावर.

“हा,” ती म्हणाली. “हातोडा पडला होता. आठवडाभर घास धरता येत नव्हता त्याला.” तिचं बोट मनगटावरून पुढे सरकत चौकटीच्या काठाला लागलं. “पुढचा कुठे आहे?”

“कापला.”

“का?”

“चौकट गोल होती, आई. दोघं बसत नव्हतो.”

ती तिथेच उभी राहिली. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. असं आईचं उभं राहणं त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याच्यापुढे कधी काही टिकलं नव्हतं.

“लोकांनी बघू नये म्हणून,” तो म्हणाला. “नवीन धंदा होता. गिऱ्हाईक आलं की पहिलं हेच पान उघडतं. मला वाटलं, घाबरतील.”

“त्याला माहीत होतं?”

“हो. त्यानेच आधी बघितलं. म्हणाला, बरं केलंस. म्हणाला, माझा हात तुझ्या तोंडापेक्षा चांगला आलाय.”

एक गोष्ट त्याने तरीही गिळली. दाताच्या डॉक्टरीणबाई, त्याच्या पहिल्या मोठ्या गिऱ्हाईक, एकदा हसत म्हणाल्या होत्या, हा हात कुणाचा हो? आणि तो म्हणाला होता, एका मित्राचा. दादा तेव्हा तिथेच, त्यांच्या दवाखान्याच्या दारात, थर्माकोल धरून उभा होता. दवाखान्याचे फोटो काढायला दोघं गेले होते. दादाने मान वळवून पाटीकडे पाहिलं होतं, जणू ती वाचायची राहून गेली होती.

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. शेवटी म्हणाली, “तू यातून बाजूला हो.”

“म्हणजे?”

“त्याला जसं केलंस तसं. तुला कापता येतं ना? मला तेवढा हात दे.”

त्याने केलं. चौकट धरून आत ओढत आणली. आधी त्याचा कान गेला, मग डोळे, मग ते हसू. राहिला एक सदऱ्याचा खांदा आणि त्यावर हात. हलका केलेला फोटो, त्यातला एवढासा तुकडा. मोठा केल्यावर दाणे दाणे दिसायला लागले. कागदावर आला तो वाळूत उमटल्यासारखा आला. या वेळी त्याने वेगळ्या नावाने सेव्ह केलं. सवयीने हात जुन्या नावाकडे गेला होता.

खिळा कुठे ठोकायचा ते आईने दाखवलं. फार खाली होता. शेजारची वहिनी म्हणाली, “अहो मावशी, एवढा खाली कुणी लावतं का? येता-जाता धक्का लागेल.” आई म्हणाली, “लागू दे.” का ते त्याला दोन दिवसांनी कळलं. स्वयंपाक आटोपून ती त्या भिंतीला पाठ टेकून उभी होती, पदराला हात पुसत, आणि चौकट बरोबर तिच्या खांद्याशी येत होती. तो दारातून तसाच मागे फिरला.

त्याच आठवड्यात त्याने ‘माझ्याविषयी’च्या ओळी पुसल्या आणि नव्या लिहिल्या.

‘नमस्कार. इथले फोटो दोघांनी काढले आहेत. मी बटण दाबलं. माझ्या थोरल्या भावाने उजेड धरला. हा त्याचा हात. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कामावर असताना गेला. त्याचा चेहरा तुम्हाला दाखवायला मला लाज वाटली होती. आता दाखवायला माझ्याकडे नाही.’

वर गोल चौकटीत नुसता खांदा आणि हात.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांना दवाखान्याच्या वेळा बदलून हव्या होत्या. त्या सांगून झाल्यावर म्हणाल्या, “आणि हो, तुमच्या साइटला काहीतरी झालंय. तुमचा चेहरा येत नाहीये. खालचं काही मी वाचलं नाही, घाईत होते. पण तेवढं दुरुस्त करून घ्या.”

“बिघाड नाही. तसंच आहे ते.”

“बरं. तो तुमच्या मित्राचा हात ना? तुम्ही सांगितलं होतंत मागे.”

आतल्या खोलीत आई भांडी लावत होती. ताटावर ताट ठेवल्याचा आवाज थांबला.

“नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला खोटं सांगितलं होतं. भावाचा. तुमच्या दारात पांढरं पान घेऊन उभा होता, तो.”

मग त्या म्हणाल्या, “तो, गालावर... हो. आठवला. मी त्याला पाणी विचारलं होतं. नको म्हणाला, हात मोकळा नाही म्हणाला.” थांबून त्यांनी विचारलं, “कसा आहे?”

त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. भांड्यांचा आवाज अजून सुरू झाला नव्हता. आईखेरीज त्या गालाकडे बघितलेलं हे पहिलंच माणूस होतं.

“गालावर कुठपर्यंत होता हो डाग?” त्याने विचारलं. “तुम्हाला आठवतं का काही?”